दहानंतर मासा लागत नाही

कालव्याला रब्बीच्या पहिल्या पाळीचं पाणी सुटलं की आमच्याकडे गळ टाकणाऱ्यांचा हंगाम सुरू होतो. पहिले दोन दिवस जाऊच नका. पाणी गढूळ असतं, हाती नुसता कचरा लागतो. तिसऱ्या दिवशी त्याला चहाचा रंग आला की काठी काढा. पाणी पायरीवरून पडतं तिथं नका बसू. वीस पावलं खाली ते निवांत होतं, रोहू तिथं असतो. आमिषाला कणकेत भाजलेलं बेसन मळा. सावली पाण्यावर पडू देऊ नका. आणि दहाच्या आत आटपा. ऊन चढलं की मासा तळाला जातो, मग ब्रह्मदेव आला तरी गळाला लागत नाही.

हे सगळं मला तांड्यावरच्या एका शेतकऱ्यानं शिकवलं. कालव्याला लागून असलेली ही बंजारा वस्ती आर्णीतल्या आमच्या घरापासून गाडीनं अर्ध्या तासावर आहे. आमचा करार साधा: मासा त्याचा, ओढ माझी. मी मासा खात नाही. आमच्या घरात अंड्याचं नावसुद्धा कुणी काढलेलं नाही. पण काठी वाकते त्या क्षणासाठी मी आठवडाभर जगतो, हे खरं आहे.

कारण उरलेला आठवडा मी घरात असतो. आधी आई अंथरुणावर होती, आता बाबा आहेत. लग्न राहूनच गेलं. कुणी अडवलं नाही, पण कर असंही कुणी म्हटलं नाही. मी चोपन्न वर्षांचा. बाबांना कुशीवर वळवायचं, भरवायचं, पेपर वाचून दाखवायचा आणि प्रत्येक बातमीवर त्यांचं भाषण ऐकायचं. बाबांवर माझं प्रेम आहे, आणि कधी कधी त्यांचा इतका राग येतो की मी मोरीत जाऊन उगाच बादल्या आपटतो. रविवारी धाकटी बहीण येते आणि सात ते अकरा मी सुटतो. देवळात जातो, असं सांगून.

परत येताना हात लिंबानं घासायचे, वर अत्तराचं बोट फिरवायचं. अत्तराची कल्पना माझी, आणि तिथंच मी माती खाल्ली.

गेल्या हंगामात एका रविवारी मी बाबांना वरणभात भरवत होतो. त्यांनी चांगल्या हातानं माझं मनगट धरलं.

"देवळात अत्तर लावून कोन जाते रे?"

आता रविवार गेला, एवढंच मनात आलं.

"बाई चांगली हाये ना?" बाबांनी विचारलं.

मला कळायलाच वेळ लागला.

"माह्यापायी राह्यलं तुह्यं सगळं," त्यांचे डोळे भरले. "मी मरायची वाट कायले पाहून राह्यला? जातीपातीचं मी काई म्हणत नाही. तिले घरी आन."

तहसील कचेरीत जन्म काढलेला, प्रत्येक कागदावर नियम दाखवणारा हा माणूस एका अनोळखी बाईला घरात घ्यायला तयार होता. माशाचं मात्र त्यांनी कधीच ऐकून घेतलं नसतं. आणि ते रडत असताना मी काय सांगणार होतो, बाई नाही, रोहू आहे?

"चांगली आहे," मी म्हणालो. "पण तिला इथं यायचं नाही."

दुसऱ्याच दिवशी त्यांनी बहिणीला फोन लावायला सांगितला. रविवारी संध्याकाळपर्यंत थांबत जाय, त्याले काम असते, असं म्हणाले.

तेव्हापासून मला अख्खा रविवार मिळतो. यंदाही पाणी सुटलं आहे. उजाडताच बाबा विचारतात, "निघाला नाही काहून अजून? वाट पाहून राह्यली असन ते." दहा वाजता तांड्यावरचा तो माणूस मासे पिशवीत टाकतो आणि म्हणतो, "भाऊ, आता कायले बसता? मासा तं गेला खाली."

मी म्हणतो, बसतो जरा. अकराला घरी गेलो तर बाबांना वाटेल, तिच्याशी भांडण झालं. म्हणून दोरा काठीला गुंडाळून मी पाचपर्यंत कालव्यावर बसून राहतो. दुपारी बहिणीला त्यांना कुशीवर वळवणं जमलं असेल का, याची काळजी करतो. मग निघतो. निघताना अत्तर आठवणीनं लावतो.