वफा आणि वाफा

माय गेल्याला दुसरं वर्ष लागलं, तेव्हा एकदा चहा पिता पिता अण्णा मला म्हणाले, "तिचा आवाज गेला बघ, पोरी." मला आधी कळेचना. आवाज कुठं जातो? तर म्हणाले, "तोंड दिसतं. चालणं दिसतं. पण बोलतीय ते ऐकूच येईना. मुकी झाली माझ्या डोक्यात." आणि कप खाली ठेवून भिंतीकडं बघत बसले. माझे वडील मेंढरं राखलेला माणूस, रडणं-बिडणं त्यांना जमत नाही. त्या दिवशी मला त्यांची भीती वाटली.

मी मोबाईल पालथा घातला. मायचे फोटो ढीगभर, आवाज कुठंच नाही. मोबाईल समोर धरला की बाई पदर तोंडाला लावून गप. माझ्या लग्नाच्या व्हिडिओत ती बोलताना दिसते, पण वर सगळा बँडबाजा चिकटवलेला. त्या व्हिडिओवाल्याला मी मनातल्या मनात लई शिव्या दिल्या.

मग पेपरात वाचलं, क्रांती चौकाच्या पलीकडच्या थेटरात तो पिक्चर परत लागलाय. जुने प्रेमाचे पिक्चर परत लावायची हल्ली टूमच निघालीय. हा मात्र आमच्या घरचा पिक्चर. लग्नानंतर अण्णांनी मायला अजिंठ्याकडच्या गावातून औरंगाबादला आणून दाखवलेला, पहिला आणि शेवटचा.

मायला हिंदी ओ की ठो कळत नव्हतं. त्यात हिरॉईन जिन्यावर बसून गाणं म्हणते आणि दर कडव्याच्या शेवटी 'वफा' म्हणत सूर लांबवते. मायनं ऐकलं 'वाफा'. मेथीचा, कांद्याचा, आपल्या रानातला वाफा. थेटरातच अण्णांना कोपर मारून म्हणाली, "अवो, वाफ्यापायी एवढी रडतीय, पाणी नाय पुरलं का तिचं?" वफा म्हणजे इमान, हे अण्णांनी तिला सांगून बघितलं. तर म्हणे, "मग वाफ्याला येळेवर पाणी देणं म्हणजे दुसरं काय असतंय?" अण्णांनी हात टेकले.

तेव्हापासून ते गाणं आमच्या रानात आलं. अण्णा पाटावर फावडं घेऊन दारं धरायचे. एक वाफा भरला की त्याचं तोंड बंद करायचं आणि पाणी पुढच्या वाफ्यात वळवायचं. माय पार दुसऱ्या टोकाला उभी, पाणी पोचलं का ते बघायला. पोचलं की बाकीच्या बाया 'भरला' म्हणून हाळी देतात. आमची माय ते गाणं म्हणायची. तिनं 'वाफा' लांबवला की तिकडून अण्णा म्हणायचे, "वळवलं गं." मधी मका उभा असला की दोघं एकमेकांना दिसायचीही नाहीत. इकडून सूर, तिकडून उत्तर, असं आमचं रान भिजायचं.

मला वाटलं, गाणं लागलं की मायचा आवाज आपोआप अण्णांच्या कानात येईल. अण्णा आता माझ्याकडंच राहतात, तर हर्सूलच्या घरून रिक्षानं आलो, दुपारच्या शोला बसलो. येताना अण्णांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं. गाणं लागलं, हिरॉईन जिन्यावर बसली. गायिकेचा आवाज नुसता साखरेचा पाक. अण्णा डोळे मिटून, पुढं वाकून ऐकत होते. मग हळूच मागं टेकले.

"हे नाय ते," म्हणाले. "चल, जाऊ."

"अण्णा, संपू तर द्या."

"काय ऐकायचं? ही कोण निराळीच बाई हाय."

एवढंसं तोंड झालं त्यांचं. मला पिक्चरचा राग आला, त्या गायिकेचा आला, मायचासुद्धा आला, की बाई, एकदा तरी मोबाईलसमोर तोंड उघडायचं होतंस. तोवर शेवटचं कडवं आलं. मला गाता येत नाही. शाळेत प्रार्थनेला मला मागच्या रांगेत ढकलायचे. तरी त्या रागातच मी गायिकेच्या वर आवाज चढवला आणि माय म्हणायची तसं नाकातून लांबवलं, "वाफाऽऽ".

तोंड माझं होतं, आवाज माझा नव्हता. कुणीतरी माझ्या मानेमागं उभं राहून म्हटल्यासारखं झालं. पुढच्या रांगेतली पोरगी वळून बघायला लागली.

शेजारी अण्णांचे दोन्ही हात वर आले होते, फावड्याचा दांडा धरतात तसे. माझ्याकडं न बघता, लांब कुणाला तरी ऐकू जावं एवढ्या आवाजात ते म्हणाले, "वळवलं गं."

आता रोज दुपारी माझ्या ऑफिसात अण्णांचा घरून फोन येतो. काम काही नसतं. भाजी काय आणू, विचारतात आणि गप होतात. मी उगाच काहीबाही बोलत राहते. त्यांना माझं बोलणं नको असतं, नुसता आवाज हवा असतो, हे मला कळतं, आणि त्याचं वाईटही वाटतं. परवा मधेच मी विचारलं, "अण्णा, ऐकताय ना?"

"व्हय," ते म्हणाले. "तू म्हण. मी हाय इथं, पाटावर."

मी ऑफिसच्या जिन्यावर बसले आणि बोलत राहिले.