लाइनीत आलेलं घर

आमच्या कामात ‘लाइन’ म्हणजे काही विशेष नाही. जमिनीत सारख्या अंतरावर लोखंडी सळया ठोकायच्या, त्यांना केबल जोडायची, झाली लाइन. मग त्या सळयांमधून मातीत थोडा करंट सोडायचा. ओल्या मातीतून तो सहज जातो, कोरडी माती त्याला अडवते. त्यावरून कॉम्प्युटर जमिनीच्या पोटाचं चित्र काढतो, ओल निळी आणि कोरडं लाल. पुराचा बांध आतून कुठे पाणी पितोय, हे न खणता कळतं.

पण मुंबईत बैठ्या चाळीतल्या माणसाला लाइन एकच ठाऊक असते, रस्ता रुंदीकरणाची नाहीतर बिल्डरची. घर लाइनीत आलं म्हणजे घर गेलं.

आमची चाळ बोरिवली पूर्वेला, नदीच्या कडेला. मोरीच्या मागे मातीचा बांध, बांधापलीकडे नदी. गिरणी बंद पडल्यावर बाबांनी तिथे घर घेतलं. ते गेल्यावरही आई तिथेच राहिली. मुलुंडला माझ्याकडे ये म्हटलं, की तिचा प्रश्न ठरलेला, “तुझ्या माळ्यार मासेवाली येता काय?”

बांधावर पावसाळाभर नजर ठेवायचं काम आमच्या अंधेरीच्या ऑफिसला मिळालं, तेव्हा ते मी हट्टाने मागून घेतलं. सळया तशाच ठोकून ठेवल्या. जागा तीच राहिली तरच आधीचं चित्र आणि नंतरचं चित्र शेजारी ठेवून बघता येतं. आईने फोन केला, “तुझी लायन आपल्या घराकडसून जाता काय गो?” मी घाईत होते. “हो गं, अगदी मोरीमागून जाते,” म्हटलं आणि फोन ठेवला.

पहिल्या चित्रात आमच्या घरामागे फिकट निळं होतं. दुसऱ्यात ते गडद झालं. पावसात बांध भिजणारच, त्याचं काही नाही. पण ही ओल वरची नव्हती. बांधाच्या पायाशी होती आणि चाळीकडे सरकत होती. मला झोप लागेना. तिसऱ्या वेळी मी ऑफिसात होते, तिथे पहिल्यांदाच गेलेले सहकारी मोजमाप घेऊन आले. बघते तर तीच जागा लालभडक!

“झकास! निचरा झाला वाटतं,” एकजण म्हणाला.

हुश्श झालं मला. पण धो धो पावसात माती वाळते कशी? रविवारी उठून तडक चाळीत गेले.

आईने तळलेला बांगडा वाढला. आज फारच खुशीत होती. “आता तरी घर लायनीत येणा नाय मा?” तिने विचारलं.

ताट बाजूला सारलं. छत्री घेऊन मागे धावले. आमच्या आणि शेजारच्या घरांमागच्या सळया जागेवर नव्हत्या. जरा बाजूला कुणीतरी डेब्रिज टाकलं होतं, त्याच्या ढिगावर त्या ओळीने ठोकलेल्या, अंतरसुद्धा नीट राखून! दगडविटांच्या पोकळ ढिगातून करंट जाणार कसा? चित्र लाल येणारच.

“वाट लावलीस आई! कुणी हलवल्या या?”

“आमीच. सगळ्यांनी मिळान. चोरी नाय केली, घर वाचवलाव.”

मी संतापून पाढा वाचला, करंट काय, ओल काय, बांध फुटला तर आधी तुझीच मोरी जाईल म्हणून. तिने शांतपणे ऐकलं. “मगे ओल बघतंय म्हणान सांगूचा मा! लायन कित्याक म्हणतंस?”

मी तिथूनच सहकाऱ्यांना फोन लावला.

सळया जुन्या जागी ठोकून पुन्हा मोजलं. नदीच्या बाजूने निघालेला गडद निळा पट्टा थेट आमच्या मोरीखाली आला होता. बांधाचे इंजिनियर येऊन गेले. तेवढा भाग खणून पुन्हा भरायचा, पाया रुंद करायचा. तिथली चार घरं आत्ताच रिकामी करायची, आणि ती पुन्हा उभी राहणार नाहीत. जाताना मला म्हणाले, “मॅडम, तुम्हीच सांगा ना. तुमची माणसं आहेत.”

आई दारात कोलंबी सोलत बसली होती. माझ्या तोंडाकडे बघूनच तिने विचारलं, “येता काय गो आपला घर लायनीत?”

“येतंय, आई.” पुढे मला रडूच आलं.

तिने उरलेली कोलंबी सोलून संपवली. हात धुतले. मग भिंतीवर थाप मारून शेजारणीला हाक दिली, “गो, सामान बांधूक घे. आपली घरां लायनीत येतत. माझ्याच चेडवान सांगल्यान.”