ताटावरचा हात

उज्जैनात माधव ढवळीकरांना ‘माध्या’ म्हणून हाक मारणारं एकच माणूस उरलं होतं, आणि ते माणूस जेवत नव्हतं.

बाकी सगळ्यांचे ते तात्या. देवास गेटच्या बँकेत उभी हयात गेली, पण बँकेतले म्हणून त्यांना कुणी ओळखत नाही. मराठी मंडळींत लग्न असो, मुंज असो, गणपतीचं जेवण असो, पंगतीत वाढायला तात्या हवेतच. कमरेला उपरणं खोचून, हातात जिलब्यांची परात घेऊन ते निघाले की भले भले ताटावर आडवे पडायचे. आग्रह करणं ही विद्या आहे असं त्यांचं म्हणणं. “नको म्हणणाऱ्याच्या तोंडाकडे बघूच नये. तोंड खोटं बोलतं. हात बघावा.” हात ताटाला टेकला असेल तर पोट खरंच भरलंय, मुकाट पुढे सरकावं. पण हात ताटाच्या वर चार बोटं तरंगत असेल, तर एका घासाची जागा आहे, आणि ती त्या माणसालाही ठाऊक आहे. ग्वाल्हेरचे एक व्याही तर दोन्ही हात पसरून ताटावर ओणवे झाले होते. तात्यांनी त्यांच्या कोपराखालून मठ्ठ्याच्या वाटीत जिलबी सोडली. पुढे कित्येक वर्षं त्या व्याह्यांचं दिवाळीचं कार्ड येई, त्यात खाली लिहिलेलं असे, ‘वाटीतली जिलबी पोचली.’

आणि पंगत म्हटली की तात्यांच्या जोडीला विनायक. दोघं एका बाकावर शिकलेले. विनायक भैरवगढला राहायचा, सरकारी शाळेत मास्तर होता, आणि आवाज असा की शाळेला घंटेची गरज नव्हती. पानं वाढून झाली, तूप पडलं, की विनायक श्लोक म्हणायचा. त्याचा श्लोक संपेपर्यंत कुणी घास उचलत नसे, आणि पंगतीतला शेवटचा माणूस जेवून होईपर्यंत कुणी उठत नसे. तो शेवटचा माणूस बहुतेक विनायकच असायचा. सगळे हात वाळवत बसलेले, आणि हा आपला सावकाश ताकभात कालवतोय. पलीकडून वासंतीवहिनी, म्हणजे त्याची बायको, म्हणायची, “आटपा आता, लोकांना घरं आहेत.”

करोना आला आणि पहिल्या बंद पडल्या त्या पंगती.

तात्यांची सून अपूर्वा आहारतज्ज्ञ. फ्रीगंजमधला तिचा दवाखाना बंद, माणसं घरात कोंडलेली, आणि जो तो सकाळी काढा पिऊन दिवसभर शेव खात बसलेला. तिनं दर बुधवारी मोबाइलवर एक पत्रक पाठवायला सुरुवात केली. नाव ठेवलं ‘चार घास’. मटकीला मोड कसे आणायचे, तापातून उठलेल्याला काय द्यायचं, साखर कुठं कुठं लपून बसते, असं सगळं चित्रांसकट.

“बाबा, शेवटच्या कोपऱ्यात तुम्ही लिहा,” ती म्हणाली. “तुमच्यासाठी तरी लोक शेवटपर्यंत वाचतील.”

“किती लिहू?”

“एक गोष्ट.”

तात्यांना एक गोष्ट सांगायला लावणं म्हणजे एक शेंगदाणा खायला सांगणं. पहिल्याच अंकाला भांडण झालं.

“बाबा, वर मी लिहिलंय की शेवेनं प्रोटीन मिळवायला जाऊ नका, आणि खाली तुम्ही रतलामच्या शेवेची आरती ओवाळलीय.”

“बेसनाचीच असते गं ती. बेसन म्हणजे डाळच ना?”

“आणि तेल?”

“तेल काय, पाहुणं आहे. येतं, जातं.”

“जात नाही ना बाबा, तोच तर प्रॉब्लेम आहे.”

पत्रक मात्र चालू लागलं. नानाखेड्यातून, फ्रीगंजातून, पार इंदूरहून निरोप येत. मुगाची धिरडी जमली, आमच्या बाबांनी नाचणीची पेज घेतली. तात्या खूश व्हायचे. पण दुपारी स्वयंपाकघरात पळी वाजली की त्यांचा हात उगाच कमरेशी जाई, उपरणं चाचपायला. लिहून वाढलेलं कुणाच्या ताटात पडतं ते दिसत नाही. ताटावर आडवा आलेला हात दिसत नाही. तो हात बघायला ते तरसत होते.

दुसऱ्या वर्षी ऐन उन्हाळ्यात विनायक आणि वासंतीवहिनी दोघंही दवाखान्यात गेली, आणि विनायक एकटा परत आला.

मग नागपूरहून त्याच्या मुलीचा, गौरीचा फोन आला. “काका, शेजारच्या भाभी रोज फाटकावर डबा ठेवतात, तो तसाच परत येतो. मी विचारलं की बाबा म्हणतात, जेवलो. निघावं तर माझाच रिपोर्ट पॉझिटिव्ह आलाय.”

तात्यांनी लगेच विनायकला फोन लावला. “जेवलास?”

“जेवलो.”

“काय जेवलास?”

जन्मभर पोरांच्या थापा पकडलेला मास्तर, त्याला स्वतःला थाप मारता येईना. “पोळी होती बहुतेक.”

“बहुतेक?”

“चव लागत नाही रे माध्या. पोळी काय, पुठ्ठा काय.”

“अपूर्वाचं पत्रक वाचतोस ना? चव नसली तरी थोडं थोडं...”

“वाचतो. छान लिहिते पोर. शुद्धलेखनाची चूक म्हणून नाही.” मग हळूच म्हणाला, “हिचं तेरावं झालं नाही रे. हिच्या नावानं चार माणसं पानावर बसली नाहीत. मग मी एकट्यानं कसं बसायचं?”



संध्याकाळी तात्यांनी मुलाजवळ, आल्हादजवळ विषय काढला. “मला भैरवगढला सोड. मी फाटकाबाहेरून वाढीन.”

“बाबा, चौकाचौकात पुलिस उभे आहेत, तुम्हाला शुगर. आणि फाटकाबाहेरून पोचेल एवढी लांब पळी आहे का आपल्याकडे?”

पळी नव्हती. पण पत्रक होतं, हे दुसऱ्या दिवशी चहा पिताना त्यांच्या ध्यानात आलं.

त्या बुधवारचा अंक दोन दिवस आधीच निघाला, आणि त्यात तात्यांनी गोष्ट लिहिलीच नाही. आमंत्रण लिहिलं. ‘बुधवारी दुपारी बारा वाजता सगळ्यांनी आपापल्या घरी एकाच वेळी पानावर बसावं. वासंतीवहिनींच्या नावानं पंगत आहे. विनायकचा श्लोक मोबाइलवर येईपर्यंत कुणी घास घेऊ नये. शेवटच्या माणसाचं होईपर्यंत कुणी उठू नये.’

“बाबा, एवढं दुःख झालेल्या माणसावर ही जबरदस्ती नाही का?” अपूर्वानं विचारलं.

“आग्रह आहे. जबरदस्ती की आग्रह, ते त्याचा हात सांगेल.”

बेत अपूर्वानं ठरवला. मुगाचं वरण, भात, मटकीची उसळ, काकडीची कोशिंबीर, आणि वाटीभर आंबेडाळ. वाटलेली हरभऱ्याची डाळ आणि किसलेली कैरी. वासंतीवहिनींच्या आंबेडाळीसाठी लोक चैत्राची वाट बघायचे. “आंबटानं विनायककाकांची जीभ जागी होते का बघू,” अपूर्वा म्हणाली, आणि तेवढं एक पान तिनं हिंदीत लिहून भैरवगढच्या भाभींना पाठवलं. त्या कापडावर ठसे मारणाऱ्या घरातल्या. त्यांचं उत्तर आलं, “केरी तो आँगन में ही लगी है, आप बस नमक बता दो.”

बुधवार आला. तात्यांनी जुनं उपरणं काढून कमरेला खोचलं. घरोघरी पानं वाढली गेली, वाढल्याचे फोटो आले, आणि सगळे थांबले. विनायककडून काही नाही.

वरण गार होऊ लागलं. मोबाइल किणकिणत राहिला. “तात्या, श्लोक?” मग फ्रीगंजातल्या एका काकूंचा निरोप, “आमच्या यांनी चटणी चाटली. चालेल का?” मग आणखी एकाचा, “शुगरची गोळी घेतलीय, जरा बघा.”

अपूर्वाचा चेहरा उतरला. “बाबा, मधुमेहाची माणसं उपाशी बसलीत. असं नाही चालणार. मी सुरू करा म्हणून लिहिते.”

विनायकला आपण भर पंगतीत उघडं पाडलं, तो आता फोनही उचलणार नाही, असं तात्यांच्या मनात आलं. “लिही,” ते म्हणाले.

तिनं दोन शब्द लिहिले असतील, तेवढ्यात आवाजाचा निरोप आला.

आवाज तो नव्हता. घंटेची गरज न लागणारा तो गळा आता फाटक्या कापडासारखा झाला होता. अर्ध्यावर दम लागून विनायक थांबला. मागे शेजारी कुणीतरी ठसा मारत होतं, त्याची धप धप तेवढी ऐकू येत राहिली. मग त्यानं तिथूनच पुढे धरलं आणि श्लोक पुरा केला. उज्जैनात घरोघरी माणसं मान खाली घालून ऐकत होती.

मग जेवणं झाली. रिकाम्या ताटांचे फोटो येऊ लागले. एकेक घर लिही, ‘आमचं झालं, बसलोय.’ विनायकचं राहिलं होतं. कुणी उठलं नाही. हात वाळले. तात्यांना वाटलं, आत्ता पलीकडून कुणी म्हणेल, आटपा आता, लोकांना घरं आहेत. ते म्हणणारं माणूस नव्हतं.

शेवटी फोटो आला. स्टीलचं ताट, भात अर्धा उरलेला, आंबेडाळीची वाटी बोटानं पुसून घेतलेली. आणि ताटावर आडवा धरलेला, हळदीनं माखलेला विनायकचा उजवा हात.

“चला, पोट भरलं त्यांचं,” आल्हाद म्हणाला.

“थांब.” तात्यांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला. हाताखाली ताटात सावली पडली होती. हात टेकला असता तर सावली पडली नसती. चार बोटं होती, चांगली चार बोटं.

त्यांनी मोबाइल तोंडाशी धरला. “विनायका, हात काढ. अर्धा चमचाच वाढतोय.”

थोड्या वेळानं उत्तर आलं. “तुझा अर्धा चमचा मला ठाऊक आहे माध्या.” आणि मागे डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज.

तात्यांच्या दुसऱ्या हातात आंबेडाळीनं भरलेला चमचा होता. तो कधी उचलला ते त्यांनाही कळलं नव्हतं. नानाखेड्यातलं हे घर इथं, भैरवगढ तिथं, मधे सबंध गाव. त्यांनी तो चमचा तसाच अधांतरी धरून ठेवला, आणि मग सावकाश आपल्याच ताटात वाढून घेतला.