दादाच्या पायांवरचे ठिपके

काजूच्या हंगामात आमच्या पेडणे तालुक्यात बागेत राबणाऱ्यांचे पाय डागाळलेलेच असतात. रसासाठी बोंडू, म्हणजे काजूची फळे, पायांनी तुडवायचे, तर डाग लागणारच. म्हणून माझ्या थोरल्या भावाच्या नडग्यांवर बारीक जांभळे ठिपके दिसले तेव्हा मी म्हणालो, "रसाचे डाग ते. साबण लाव नि घास."

दादा घासत राहिला. ठिपके गेले नाहीत.

चढ चढताना त्याला धाप लागायची. दात घासताना हिरड्यांतून रक्त यायचे. एकदा तो काम टाकून झाडाखाली बसला, तेव्हा मी गड्यांसमोर म्हणालो, "दादा, हंगाम सरांदी, मगे बस आरामात." गडी हसले. तोही हसला आणि उठला. याच दादाने नववीत शाळा सोडून बाग सांभाळली, म्हणून मी आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो.

आई डॉक्टरकडे न्यायला सांगत होती. मी विज्ञान शिकलेला. अंगात रक्त कमी असेल असे मीच ठरवले आणि औषधाच्या दुकानातून लोहाच्या गोळ्या आणल्या. त्यात दीड महिना गेला.

मग एका सकाळी त्याच्या नाकातून सुरू झालेले रक्त थांबेना. डिचोलीच्या डॉक्टरांनी रक्त तपासले. तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्स, तिन्ही फार खाली आल्या होत्या. त्यांनी लगेच मोठ्या इस्पितळात पाठवले. तिथे कमरेच्या हाडातली मज्जा काढून तपासली. अप्लास्टिक ॲनिमिया. रक्त तयार करणारी मज्जाच जवळजवळ रिकामी झाली होती, त्या जागी चरबी होती. लोहाचा काही उपयोग नव्हता. ठिपके म्हणजे कातडीखाली झिरपलेले रक्त होते.

"ठिपके कधीपासून आहेत?" तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारले.

"आठेक दिवस," मी म्हणालो.

दादाने माझ्याकडे पाहिले. "व्हय, आठच," तो म्हणाला.

सख्ख्या भावाची मज्जा जुळली तर ती देता येते. माझी तपासणी झाली. जुळावी म्हणून मी देवाला नवस बोललो, आणि त्यात दादाच्या जिवाइतकीच माझी सुटकाही मागितली. जुळली नाही. मग शरीराची प्रतिकारशक्ती आवरणारी औषधे सुरू करायची ठरली, कारण ती प्रतिकारशक्तीच त्याची मज्जा मारत होती. त्या दिवशी मी बाईंना खरे सांगितले. त्यांनी कागदावर दुरुस्ती केली.

बाहेर आल्यावर मी दादाला विचारले, "ठिपके जाईनत तर माका सांगलंस कित्याक नाय?"

"तू रस म्हणालंस मां. तू शिकलेलो. माका वाटला, तुका कळता."

त्यात टोमणा नव्हता. असता तर बरे वाटले असते.

आता औषधांचा चौथा महिना आहे. प्लेटलेट्स हळूहळू वाढताहेत, पण ताप आला की लगेच इस्पितळ गाठावे लागते. रक्त अजून अधूनमधून चढवावे लागते. रिपोर्ट हातात पडला की दादा आधी माझ्यापुढे धरतो.

"माका कळणा नाय," मी म्हणतो. "डॉक्टरणीक विचारूया."