तिसरं मत येईपर्यंत

माझा मावसभाऊ गुरुप्रसाद कुवेतमध्ये मंगफला, आमच्या शेजारीच राहतो. तेलकंपनीत इंजिनिअर आहे, आणि तीन कोटेशनं घेतल्याशिवाय त्याच्या हातून साधा झाडू घेतला जात नाही. मिक्सरसाठी तो फहाहीलचा सगळा बाजार पालथा घालत होता, तोवर त्याची बायको ज्ञानदा खलबत्त्यात चटणी कुटत होती. आम्ही हसायचो.

२००५ साली ज्ञानदाला जुळं राहिलं. दोन मुली, पण दोघींना पोसणारी वार एकच. पाचव्या महिन्यात डॉक्टरीणबाई मुनिरांनी सोनोग्राफी करून सांगितलं, वारेतल्या नसांमधून एकीचं रक्त दुसरीकडे चाललंय. धाकटीभोवतीचं पाणी आटलंय, मोठीभोवती नको इतकं साठलंय. सुईनं पाणी काढता येईल, पण ते पुन्हा भरेल. लेसरनं त्या नसाच बंद करता येतील, त्यासाठी लंडनला जावं लागेल.

"मी लेसरच सांगेन. आणि लवकर जा," त्या म्हणाल्या.

सरळ माणसानं तिकिटं काढली असती. आमच्या शहाण्यानं शुक्रवारी मित्रमंडळी जमवली, सगळे इंजिनिअर. एक म्हणे, आधी प्रेशर कमी करा, पाइपचं नंतर बघू. दुसरा म्हणे, चालू लाइनवर वेल्डिंग कोण करतं? बाईच्या पोटाचं शटडाउन ठरवत बसले होते मेले, आणि ती बाई आत त्यांच्यासाठी पोहे परतत होती.

माझं डोकंच फिरलं. "गुरू, डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय ना? मग हे कोण लागून गेले?"

"ताई, घाई नको. नाशिकच्या डॉक्टरांचं मत आलंय, मुंबईचं यायचंय. तुलना करून ठरवू."

तोवर सुईनं पाणी काढलं. ते भरलं. पुन्हा काढलं, पुन्हा भरलं. शेवटी मुंबईचं तिसरं मत आलं, तेही लेसरच. लंडनला पोचले तेव्हा धाकटीचं हृदय थांबलं होतं.

मोठी वाचली, तीच समिधा. आता अशा जुळ्यांबद्दल कोणी विचारलं की गुरुप्रसाद ऐटीत सांगतो, "लेसरच बेस्ट. मी सगळं कम्पेअर केलंय."

समिधाच्या वाढदिवसाला ज्ञानदा औक्षणासाठी दोन पाट मांडते. एकावर समिधा बसते, दुसरा रिकामा. ती दोन्हीकडे ओवाळते. गुरुप्रसाद बाजूला मान खाली घालून उभा असतो. तो दुसरा पाट मांडावा की नाही, याबद्दल मात्र त्यानं आजवर कोणाचंही मत घेतलेलं नाही.