मिशीची अट

मी निवृत्त झाल्यावर लेकीने माझा फोटो कलाकारांना कामं मिळवून देणाऱ्या एका अ‍ॅपवर टाकला. गणपतीतल्या नाटकांपलीकडे माझी मजल नव्हती, तरी 'अनुभव' विचारला तिथे तिने बिनदिक्कत 'रंगभूमी' लिहिलं. बरेच महिने कुणी विचारलं नाही. मग धारजवळ शूटिंग असलेल्या एका मालिकेसाठी वयस्कर पोस्टमास्तर हवा, अशी जाहिरात आली. मी घरीच संवाद म्हणून व्हिडिओ पाठवला. तो आवडला, असा मुंबईहून एका पोराचा फोन आला. "फक्त मिशी काढून एक फोटो पाठवा सर, उद्यापर्यंत."

फक्त म्हणे! आमच्यात मिशी उतरते ती वडील गेल्यावर, आणि माझे वडील पलीकडच्या खोलीत पेपर वाचत बसले होते. नव्वदीच्या माणसाला हे विचारायचं कोणत्या तोंडाने? पण काम हातचं जाऊ द्यायलाही मन तयार होईना. शेवटी विचारलं.

"आबा, एक काम मिळतंय. पण मिशी काढावी लागेल."

"काढ," म्हणाले आणि पेपर तोंडासमोर धरला. रागावले की काय, काही कळेना.

सकाळी मिशी काढली, फोटो पाठवला आणि देवासच्या बाजारात भाजीला गेलो. नेहमीच्या भाजीवाल्याने मला पाहून तराजू खाली ठेवला.

"भिया, बाबूजी कब शांत हो गए? खबर ही नी लगी."

"अरे, घर पे बैठे हैं! चाय पी रिये हैं!" मी ओरडलोच. मेथी तिथेच सोडून निघालो. त्याचा राग आला, अ‍ॅपचा आला, सगळ्यात जास्त स्वतःचा आला. जिवंत बापाचं सुतक तोंडावर घेऊन मी गावभर हिंडत होतो, आणि ते आबांच्या कानावर गेलं तर त्यांना काय वाटेल?

संध्याकाळी काम पक्कं झाल्याचा मेसेज आला. तो दाखवायला फोन घेऊन आबांकडे गेलो. त्यांनी फोनकडे पाहिलंच नाही.

"इकडे उजेडात ये," म्हणाले. चष्मा पुसला आणि बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

"मी गेल्यावर तू कसा दिसशील, हे मला एरवी कुठे बघायला मिळणार होतं?" मग म्हणाले, "बरा दिसतोस."