शिंगाची खूण

घरी आलेल्या बाईला इंदूआत्या चहाच्या आधी उंबरठ्यावरच थांबवत. मग आतून भाचीला हाक मारत, तिला खिडकीच्या उजेडात उभं करत, तिच्या गळ्याची वरची बटणं स्वतःच्या हातानं काढत आणि पाहुणीला विचारत, "तिथून दिसते का?" पाहुणी नाही म्हणाली की तिला एक पाऊल पुढे यायला सांगत. "आता?" पाहुणी जिथे हो म्हणे, ती फरशी आत्या नजरेनं पक्की करून ठेवत. त्यानंतर चहा मिळे. भाची तोवर समोरच्या भिंतीकडे पाहत उभी असे.

नेरला आमच्या घराला लागून गजाननरावांचं घर. आत्या त्यांच्या थोरल्या बहीण. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा गेला आणि त्या भावाकडे परत आल्या, त्या कायमच्या. गजाननरावांची मुलगी मयूरी शाळेत जायच्या आधीच तिची आई वारली. मुलगी आत्यांनी वाढवली. तिला कधी उपाशी ठेवलं नाही, कधी जवळही घेतलं नाही. गजाननराव सकाळी शेतावर जात, संध्याकाळी परत येत आणि बहिणीसमोर शक्यतो बोलत नसत.

आत्यांच्या जिभेला गल्ली भीत असे. मला यवतमाळच्या वर्तमानपत्रात नोकरी लागली तेव्हा मी पेढे घेऊन गेले. आत्यांनी पेढा घेतला, उलटून पालटून पाहिला आणि म्हणाल्या, "बरं झालं. लोकायच्या घरचं मरन लिहून पोट भरशीन." गेल्या हिवाळ्यात त्या स्वतः गेल्या. निधनवार्ता मीच लिहिली, दोन ओळींची. तिच्यात जे बसलं नाही ते इथे लिहिते आहे.

मयूरी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना जिना चढताना धापा टाकू लागली. लहानपणीच्या तापानं आणि सांधेदुखीनं हृदयाची झडप खराब केली होती. नागपूरला ऑपरेशन झालं. छातीचं हाड मधून कापून झडप बदलली, तिच्या जागी धातूची बसवली, हाड तारांनी पुन्हा बांधलं. घरी सोडताना डॉक्टरांनी गजाननरावांना आणि आत्यांना समोर बसवून सांगितलं, की रक्त पातळ ठेवणारी गोळी आता जन्मभर घ्यायची, एक दिवसही चुकवायची नाही आणि दर महिन्याला रक्त तपासायचं. गोळी थांबली तर झडपेवर रक्ताची गाठ धरेल. त्यांचं सांगून झाल्यावर आत्यांनी एकच प्रश्न विचारला, व्रण राहील का. डॉक्टर म्हणाले, राहील, पण नीट काळजी घेतली तर वर्षभरात पुसट होईल.

हे दुसरं बोलणं आत्यांनी घरी आणलं. पहिलं गजाननरावांच्या वाट्याला आलं.

जखमेची काळजी त्यांनी घेतली तशी मी दुसरीकडे पाहिलेली नाही. सुरुवातीला जखम कोरडी ठेवायची, तर मयूरीच्या अंघोळीला त्या स्वतः बसत आणि पाण्याचा थेंब वर उडाला तर तांब्या हिसकावून घेत. खपली धरली तेव्हा मयूरीची नखं मुळापर्यंत कापली. जखम पूर्ण भरली आणि डॉक्टरांनी परवानगी दिली, तेव्हा सिलिकॉनचं मलम आलं. सकाळ-संध्याकाळ अंगठ्याच्या पेरानं, गोल गोल, एका दिशेनं ते चोळणं आलं. ऊन लागलं की व्रण काळा पडतो असं कळल्यावर मयूरीचे सगळे ड्रेस बंद गळ्याचे झाले आणि अंगणात कपडे वाळत घालणं बंद झालं. कुशीवर झोपायचं नाही, घागर उचलायची नाही, हात वर करून वेणी घालायची नाही. वेणी आत्या घालत, घट्ट, आणि मान हलली की टपली मारत.

दवाखान्यातून एक लहान उशी मिळाली होती. खोकला आला की ती छातीशी आवळून धरायची, म्हणजे टाक्यांवर ताण येत नाही. आत्यांनी हा नियम हसण्यालाही लावला. मयूरी मोकळी हसणारी मुलगी होती. ती हसू लागली की आत्या उशी तिच्या अंगावर फेकत आणि म्हणत, "दात काहाडू नोको. तानते थे." हाड जुळलं, टाके विरले, वर्ष उलटलं, उशी फेकणं चालूच राहिलं. पुढे पुढे उशीची गरज उरली नाही. आत्यांनी नुसतं वळून पाहिलं तरी पुरे.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. मलम लावताना त्या ते मयूरीला ऐकवत, समोर कोण आहे याचा विचार न करता. "फाटलं लुगडं हायेस तू. रफू असा झाला पाह्यजे का दुकानदारानं उजेडात धरलं तरी नवं म्हनून घेतलं पाह्यजे." एकदा मयूरी म्हणाली, "आत्या, अंदर पा ना कई. भायेर कायले पाह्यतं सारखी?" आत्यांनी मलमाची ट्यूब बंद केली. "अंदरचं कोन पाह्यते वं? नवरा पाह्यते का सासू पाह्यते?"

व्रण मात्र पुसट होत गेला, हे नोंदवायला हवं. लाल होता तो गुलाबी झाला, मग फिकट, आणि शेवटी सुताएवढी एक रेघ राहिली. उंबरठ्यावरून दिसेना, झोपाळ्यापासून दिसेना. ज्या दिवशी हातभर अंतरावरून शेजारणीनं डोळे बारीक करून "कुठी?" विचारलं, त्या दिवशी आत्यांनी चहाबरोबर चिवडा दिला. त्याच आठवड्यात स्थळं पाहायला सुरुवात झाली.

वणीकडच्या एका गावातलं स्थळ आलं. मुलगा प्रशांत, घरची कपाशी आणि तुरीची शेती, आई लीलाबाई, वडील नाहीत. ऑपरेशनचं सांगायचं नाही हे आत्यांनी ठरवून टाकलं होतं. मयूरी म्हणाली, मी सांगीन. गजाननराव म्हणाले, सांगितलेलं बरं. आत्यांनी दोघांना एकदमच उत्तर दिलं, "सांगा नं. मंग ठेवा घरात मढवून. मी मेली का दोघं बाप-लेक एकमेकायचं तोंड पाह्यत बसजा." जवळ आल्यावर दिसणाऱ्या रेघेसाठी आत्यांनी कारण तयार ठेवलं होतं. लहानपणी गाईनं शिंग मारलं होतं.

गाय खरोखरच होती. तिचं नाव चांदी. गोठ्यात होती तोवर मयूरीच्या हातची भाकरी खात असे, आणि शिंगं आत वळलेली असल्यामुळे कुणाला मारायचं म्हटलं तरी तिला जमलं नसतं. त्यानंतर मयूरीनं हरकत घेतली ती इथेच. "चांदीचं नाव नोको घेऊ आत्या. तिनं कई कोनाले मारलं?" आत्या म्हणाल्या, "गाय काई सांगाले येत नाई." लीलाबाई आल्या, तेव्हा आत्यांनी चांदीची हकीकत इतकी रंगवली की शेवटी स्वतःच चिडल्या आणि नसलेल्या गाईला शिव्या घालू लागल्या. लीलाबाईंनी हळहळून मयूरीच्या गालावरून हात फिरवला. त्यांना मुलगी आवडली होती. गल्लीत सगळ्यांना खरं माहीत होतं. लग्नाच्या पंगतीला सगळी गल्ली जेवली.

हळदीच्या दिवशी आत्यांनी कुणाला मयूरीच्या गळ्याखाली हात लावू दिला नाही. गालाला लावा, हातापायाला लावा, बाकीची मी लावते म्हणाल्या, आणि न्हाणीचं दार लावून घेतलं.

एक गोष्ट मलमानं मिटणारी नव्हती. धातूची झडप वाजते. शांत खोलीत मयूरीजवळ बसलं की मनगटी घड्याळासारखी टिकटिक ऐकू येई. आत्यांनी त्याचाही विचार केला. मला घेऊन त्या यवतमाळला घड्याळाच्या दुकानात गेल्या. दुकानदार बिनआवाजाची घड्याळं दाखवत होता. आत्या एकेका घड्याळाला कान लावून ते बाजूला सारत होत्या. शेवटी एक मोठं, लाकडी चौकटीचं, कुणालाही नको असलेलं घड्याळ निघालं, गल्ल्यापर्यंत ऐकू जाणारं. आत्यांनी ते घेतलं. आंदणात कपाट, भांडी, गादी आणि ते घड्याळ गेलं. पलंगाच्या उशाकडच्या भिंतीवर लावायचं, असं त्यांनी प्रशांतला बजावून सांगितलं.

दर महिन्याला मयूरी माहेरी येई. रक्ताची तपासणी होई आणि महिन्याच्या गोळ्या घेऊन ती परत जाई. सासरी तिनं त्या ताकदीच्या गोळ्या म्हणून सांगितल्या होत्या. एकदा तिनं मला सांगितलं, की नवरा भला माणूस आहे, त्याला सांगितलं तर तो समजून घेईल असं वाटतं. मग म्हणाली, "पन आता सांगतलं तं म्हनन, आतापावेतो काहून लपवलं? त्याचं काय उत्तर देऊ?" ती हे हसत सांगत होती, पण ओठ मिटून. ती सवय तिला कायमची लागली होती.

पेरणीचे दिवस आले आणि मयूरीचं येणं लांबलं. त्यातच लीलाबाईंना कपाटात गोळ्यांची पाकिटं सापडली. लग्नाला वर्ष होऊन गेलं होतं, पाळणा हलला नव्हता, आणि सून रोज न चुकता एक गोळी घेते हे त्यांच्या लक्षात आलं होतं. त्यांनी त्यातून जो अर्थ काढला तो कुठल्याही सासूनं काढला असता. पाकिटं चुलीत गेली.

मयूरीनं आत्यांना फोन केला. आत्यांना कमी ऐकू येई, म्हणून त्या फोनचा आवाज मोठा ठेवत. मी अंगणात होते.

"आत्या, त्यायनं गोळ्या जाळल्या. लेकरू होऊ नये म्हनून आनल्या असं वाटलं त्यायले."

"मंग तू काय सांगतलं?"

"काईच नाई. मले इकडं एकटीले वणीले जाता येत नाई. बाबाले पाठव ना गोळ्या घेऊन."

"बाप आला का सासू विचारन, कायच्या गोळ्या. चूप राह्य." आत्या थोडं थांबल्या. "आरशात पा एकदा. दिसते काई? नाई नं? मंग कायची गोळी आन् कायचं काय. पोळ्याले आली का इथून घेऊन जाजो."

त्या खोटं बोलत नव्हत्या, हे मला त्यांच्या आवाजावरून कळलं. जे स्वतःच्या अंगठ्यानं रोज चोळून मिटवलं, ते मिटलं असंच त्यांना वाटत होतं. गजाननरावांना या फोनचं त्यांनी सांगितलं नाही. मीही नाही.

पोळ्याच्या आधी मयूरीला दम लागू लागला. गावच्या डॉक्टरनं आधीचं काही दुखणं आहे का विचारलं. प्रशांत नाही म्हणाला. दम्याचं औषध सुरू झालं. ती उठून बसेनाशी झाली तेव्हा तिला वणीला नेलं. तिथल्या डॉक्टरनं ऑपरेशन कधी झालं म्हणून विचारलं, तेव्हा प्रशांतनं ती खूण गाईच्या शिंगाची आहे असं सांगितलं. मग छातीचा एक्स-रे आला. डॉक्टरनं तो उजेडात धरून तारा दाखवल्या आणि झडपेचं कडं दाखवलं. प्रशांतनं विचारलं, "शिंगाचा तुकडा राह्यला का अंदर?"

ती त्याच दुपारी गेली.

आम्ही तिच्या सासरी पोचलो तेव्हा प्रशांत गजाननरावांजवळ बसून पुन्हा पुन्हा एकच सांगत होता. खोलीतली टिकटिक दोन आठवड्यांपासून कमी झाली होती. घड्याळ बंद पडत आलं असं त्याला वाटलं. त्यानं त्यात नवा सेल टाकला होता.

न्हाऊ घालायला आतल्या खोलीत आम्ही बायका होतो. सवाष्ण गेलेली, म्हणून हिरवं लुगडं आणि हळद-कुंकू काढून ठेवलं होतं. आत्या पुढे झाल्या, हळदीची वाटी मागू लागल्या. लीलाबाईंनी ती दिली नाही. त्या रडत नव्हत्या. त्यांनी मयूरीच्या गालांना हळद लावली, हातांना लावली, मग ओंजळ भरून गळ्याखाली लावली आणि वरून पाणी सोडलं. बाकीची हळद वाहून गेली. मधोमध राहिली तेवढी राहिली, गळ्याच्या खळगीपासून बरगड्या संपतात तिथपर्यंत, सरळ, बारीक, पिवळी. दारात उभ्या असलेल्या बाईलाही ती दिसत होती.

लीलाबाईंनी तांब्या खाली ठेवला.

"इहीनबाई," त्या म्हणाल्या, "त्या गाईचं नाव काय सांगतलं होतं तुमी?"

पलंगामागच्या भिंतीवरचं घड्याळ नव्या सेलवर जोरात वाजत होतं.

"चांदी," आत्या म्हणाल्या, आणि वाकून पदराच्या टोकानं ती रेघ पुसू लागल्या.